स्टार्टअपची तालीम

सांगलीत नवीन काही सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न भांडवलाचा नसतो, अध्यक्ष कोण याचा असतो. गणेश मंडळ, भिशी, हास्यक्लब, दत्तजयंतीचा महाप्रसाद, कुणालाही हा नियम चुकलेला नाही. त्यामुळे गावात स्टार्टअपवाल्यांची एक संघटना हवी असं काही तरुणांच्या मनात आलं, तेव्हाही आधी अध्यक्ष ठरला, मग उपाध्यक्ष ठरला, मग रुसलेल्या एकासाठी कार्याध्यक्षपद काढलं, आणि लेटरहेड छापून आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की गावात स्टार्टअप किती आहेत हे मोजायचंच राहिलंय. मोजले. पदांपेक्षा कमी निघाले.

दोष त्या तरुणांचा नाही. 16 जानेवारी 2016 ला दिल्लीत ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झालं, 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारचं स्टार्टअप धोरण आलं, आणि हा शब्द यथावकाश कृष्णाकाठी पोचला. पोचल्यावर त्याचा पहिला उपयोग लग्नाच्या बाजारात झाला. “मुलगा काय करतो?” याला पूर्वी “सध्या घरचंच बघतो” असं उत्तर असायचं. आता “स्वतःचं स्टार्टअप आहे त्याचं” असं सांगतात. मुलीकडचे कौतुकाने मान डोलावतात, पोहे संपवतात आणि दोन दिवसांनी गुण जुळत नसल्याचा निरोप पाठवतात.

संघटनेच्या उद्घाटनाला मी हजर होतो. मार्गदर्शनासाठी पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी इकोसिस्टीम, स्केल, मेंटॉर, बर्न रेट असे शब्द भराभर टाकले आणि पडद्यावर वर जाणारी एक रेघ दाखवली. मग हातातला पैसा किती महिने पुरेल हे काढून घेण्यासाठी समोरच्या मुलांना दरडावून विचारलं, “तुमचा रनवे किती आहे?” मागच्या रांगेतून आवाज आला, “कवलापूरला आहे की एक, पण विमान उतरत नाही.” सांगलीकर वर्षानुवर्षं विमानतळाची वाट बघतोय, त्यामुळे असले विनोद त्याला शिकावे लागत नाहीत. तज्ज्ञांना मात्र तो समजावून सांगावा लागला, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाचं जे होतं ते त्याचंही झालं.

त्यानंतर नेटवर्किंगचा तास होता. प्रत्येकाने तीन अनोळखी माणसांशी ओळख करून घ्यायची होती. इथे पंचाईत झाली, कारण सभागृहात अनोळखी माणूस एकच, तो म्हणजे तज्ज्ञ. बाकीचे सगळे एकमेकांच्या शाळेतले, गल्लीतले, नाहीतर आत्याच्या नणंदेच्या सासरचे. तरी पाहुण्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून वालचंद कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलेले दोघे गंभीर चेहऱ्याने एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड देत होते.

एका मुलाने आपली कल्पना सांगण्याआधी सगळ्यांकडून गोपनीयतेच्या करारावर सह्या घेतल्या. सह्या रीतसर झाल्या. संध्याकाळपर्यंत ती कल्पना आयर्विन पुलावर फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींना ठाऊक झाली होती, आणि त्यातल्या एकांनी “हे काय चालायचं नाही” असा निकालही देऊन टाकला होता. गोपनीयता ही मोठ्या शहरांची चैन आहे.

लहान गावातल्या धंद्याची खरी अडचण इथेच आहे. लोक म्हणतात भांडवल मिळत नाही, माणसं मिळत नाहीत, हुशार पोरं पुण्याला पळतात. सगळं खरं. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे धंदा बुडाला तर तो चारचौघांत बुडतो. बेंगळुरूत कंपनी बंद पडली की माणूस खोली बदलतो आणि सोमवारी दुसऱ्या कंपनीचा संस्थापक म्हणून उठतो. सांगलीत कंपनी बंद पडली की भडंगवाला पुडा बांधता बांधता विचारतो, “ते ॲपचं काय झालं हो?” त्याच्या मनात काही नसतं, तो काळजीनेच विचारतो. सलूनवालाही काळजीने विचारतो. सत्यनारायणाला आलेले भटजी प्रसाद हातावर ठेवताना काळजीने विचारतात. एवढ्या काळजीत तगून दुसरा धंदा काढायला वाघाचं काळीज लागतं.

संघटनेच्या बैठकांना पुढे पुढे गर्दी ओसरली. लग्नसराई आली, मग द्राक्षाचा हंगाम आला, मग कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लेटरहेडांच्या कोऱ्या बाजूवर कार्याध्यक्षांची मुलगी आता चित्रं काढते. पण गंमत अशी की बैठकीला न येणारी हीच मंडळी रोज संध्याकाळी एका ठिकाणी न चुकता जमत होती, आणि तिथे त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. ते ठिकाण म्हणजे एका जुन्या वाड्यातली माडी. आमच्या हौशी नाट्यसंस्थेची तालीम तिथे चालते. मी तिथला प्रॉम्प्टर. म्हणजे सगळ्यांची वाक्यं मला पाठ, आणि टाळ्या त्यांना.

मंडळींची ओळख करून द्यायला हवी. हळदीचे अण्णा: मार्केट यार्डात तीन पिढ्यांची अडत, पण यांनी हळद पावडर करून परदेशी पाठवायला सुरुवात केली. बोलताना कुरकुमीनची टक्केवारी सांगतात आणि पेटी वाजवतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. ते पेढे हळदीचे होते आणि संस्थेत अजून त्यांचा विषय निघतो. द्राक्षाच्या ताई: तासगावकडच्या बागांमध्ये हवेतली आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजणारं यंत्र बसवतात आणि डावणी रोग येणार की भुरी, याचा इशारा शेतकऱ्याच्या फोनवर पाठवतात. शेतकरी इशारा वाचतो आणि मग शेजारच्या बागवाल्याला विचारूनच फवारणी करतो. ताई आमच्या नायिका आहेत. ड्रोनवाला: उसावर फवारणी करून देतो, तालमीत प्रकाशयोजना बघतो. एक सीए आहेत, त्यांना दरवर्षी प्रामाणिक गृहस्थाची भूमिका देतात, तेवढाच बदल. आणि दिग्दर्शक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले सर. सरांना स्टार्टअप म्हणजे काय ते माहीत नाही आणि त्यांचं त्यावाचून अडलेलंही नाही.

तालमीचा चहा येईपर्यंतच्या वेळात या माडीवर जेवढे व्यवहार ठरले, तेवढे त्या सभागृहात कधीच ठरले नाहीत. अण्णांच्या गोदामात ओलाव्याचं यंत्र ताईंनी बसवलं. ताईंच्या कंपनीचे हिशेब सीए बघतात. ड्रोनवाल्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक, बहात्तर एकरांचा बागायतदार, नाटकातल्या खलनायकाच्या मेव्हण्याकडून मिळालं. यात कुणी कुणाला पिच केलं नाही. दोन महिने एकमेकांना वाक्यं विसरताना पाहिलेली माणसं एकमेकांवर जरा लवकर विश्वास टाकतात.

हे आम्ही नव्याने शोधलं असं कुणी समजू नये. सांगलीत हे 1843 पासून चालू आहे. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ राजेसाहेबांनी पाहिला होता आणि असं काहीतरी मराठीत करा असं भाव्यांना सांगितलं होतं. म्हणजे बाहेरचं मॉडेल बघून स्थानिक भाषेत आणणं आलं, एकच मोठा गुंतवणूकदार आला. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. आजच्या भाषेत निधी आटला. भाव्यांनी काय केलं? मंडळी बरोबर घेतली, गावोगाव दौरे काढले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाकडून पैसे घेण्याऐवजी प्रेक्षकाकडून घेतले. पुढे मराठी नाटकाचा सगळा धंदा या तिकिटावर उभा राहिला. आपण 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो तो भाव्यांच्या कलेसाठी. माझ्या मते त्यांच्या गल्ल्यालाही एक हार घालायला हरकत नाही.

शेजारच्या मिरजेचं उदाहरण तर याहून नामी आहे. तिथले शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी आणि धार देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल बसला, लढाया थांबल्या, तलवारींचं काम गेलं. त्या घराण्यांतल्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बदललं, माल बदलला, हाताची सफाई तीच राहिली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धंद्याची दिशा बदलण्यावर हल्ली जाडजूड पुस्तकं येतात. ती लिहिणाऱ्यांनी एकदा मिरजेच्या त्या गल्लीत येऊन जावं.

त्याच गल्लीत आमचा एक संगणकवाला मुलगा तंबोरा सुरात लावून देणारं ॲप घेऊन गेला होता. मी त्याच्याबरोबर होतो. कारागीर चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून जवारी काढत होते. म्हणजे घोडीचा माथा कानशीने कणाकणाने घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मुलाने ॲप सुरू केलं, पडद्यावर हिरवी सुई मधोमध आणून दाखवली, अचूकता समजावून सांगितली. चाचांनी हातातलं काम ठेवून सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, “छान आहे, बाळ. आता जरा बंद कर, मला ऐकू येत नाही.” मुलगा बाहेर येऊन थोडा वेळ गप्प होता. नंतर त्याने ते ॲप सोडलं आणि चाचांच्या कामाचे व्हिडिओ करून परदेशातल्या शिकाऊ वादकांकडून तंबोऱ्याच्या मागण्या मिळवून द्यायला लागला. चाचांना त्याचं हे काम पसंत आहे, कारण यात फोन दुसऱ्या खोलीत असतो.

आणि किर्लोस्करवाडी? तीही आपल्याच जिल्ह्यातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि चित्रकार होणं तिथेच संपलं. मग यंत्रांची रेखाटनं, मग बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं असा तेव्हाच्या शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे तो नांगर सुरुवातीला कुणी घेईना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंग आणि साप यांच्या संगतीत कारखाना उभा राहिला. ही जमीन देणारे भवानराव कोण? स्वतः चित्रं काढणारे, कीर्तन करणारे आणि सूर्यनमस्कारांपायी प्रजेला घाम फोडणारे राजे. रंग न ओळखणाऱ्या चित्रकाराला चित्रं काढणाऱ्या राजाने जमीन दिली. एखाद्या बँकेच्या कर्जविभागात हा प्रस्ताव गेला असता तर फाईल आजही टेबलावर असती. पुढे 1920 मध्ये याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. ते काढणारे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, तेही चित्रकला शिकलेले. नांगराची जाहिरात करता करता महाराष्ट्राला एक मासिक मिळालं, मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही मिळाली. छंद धंद्याच्या आड येतो असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना एकदा पॅसेंजर गाडीने किर्लोस्करवाडीला नेऊन आणायला हवं.

आता आमच्या तालमीतली एक गोष्ट. ड्रोनवाल्याने यंदा दिवे फोनवरून चालवायची सोय स्वतः बनवली. पडद्यावर बोट फिरवलं की स्पॉट मंद, दोन बोटं फिरवली की निळा उजेड. सगळ्यांनी वाहवा केली. रंगीत तालमीच्या दिवशी सीए मृत्युशय्येवर शेवटचं, आणि त्यांच्या मते सर्वोत्तम, स्वगत म्हणत होते. स्पॉट त्यांच्या चेहऱ्यावर होता, ताई उशाशी हुंदके देत होत्या. एवढ्यात ड्रोनवाल्याच्या फोनवर त्याच्या आईचा फोन आला. ॲप बाजूला पडलं आणि सगळ्या रंगमंचावर अंधार झाला. त्या अंधारात स्पीकरवरून खणखणीत आवाज आला, “अरे, आमटी गार व्हायला लागली, येतोस का नाही?” मृत्युशय्येवरून उत्तर आलं, “याला सोडू नका, माझं स्वगत राहिलंय.”

ड्रोनवाला सरांना समजावू लागला की ही चूक ॲपची नाही, फोनच्या कंपनीने कॉलला वरचा अग्रक्रम दिलाय, पुढच्या आवृत्तीत आपण ते सुधारू. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाळा, प्रेक्षकाला आवृत्ती कळत नाही. त्याला अंधार कळतो.” हे वाक्य ड्रोनवाल्याने पुढे आपल्या ऑफिसच्या भिंतीवर लावलं. तेव्हापासून तालमीत त्याचा फोन फ्लाइट मोडवर असतो. सांगलीला विमान नसलं तरी तेवढी सोय आहे.

नाटकाची खरी शिकवण मात्र तारखेची. राज्य नाट्य स्पर्धेत तुमचा प्रयोग अमुक दिवशी अमुक वाजता म्हणजे त्याच वेळी. नायकाला ताप आहे, नेपथ्याचा टेम्पो अंकलीच्या पुलावर अडकलाय, तलवार घरी राहिलीय, यातलं काहीही परीक्षक ऐकून घेत नाहीत. पडदा उघडतो आणि जे असेल ते दिसतं. धंद्यात आपण ‘लवकरच येत आहोत’ अशी पाटी लावून वर्षभर बसू शकतो. भावे नाट्यमंदिरात ती सोय नाही. शिवाय सांगलीचा प्रेक्षक हा नाटकाच्या पंढरीतला. तो खोटं कौतुक करत नाही. मध्यंतरात बटाटेवडा खायला जातो तो परत येत नाही. धंद्यातला मेंटॉर “खूप पोटेन्शिअल आहे” म्हणतो तेव्हा काही कळत नाही. रिकामी खुर्ची दिसली की सगळं कळतं.

या सगळ्याचा सुगावा संघटनेला लागला तेव्हा कार्याध्यक्षांनी प्रस्ताव आणला की तालमीच्या माडीचं ‘क्रिएटिव्ह हब’ करावं. भिंतीवर प्रेरक वाक्यं, जमिनीवर बीनबॅग, दारावर हजेरीचं यंत्र आणि दर आठवड्याला ‘छंद ते उद्योग’ या विषयावर परिसंवाद. सरांनी शांतपणे विचारलं, “बीनबॅगवर बसून माणसाला उठता येतं का?” कार्याध्यक्षांनी प्रात्यक्षिक दाखवलं. उठता आलं नाही. प्रस्ताव फेटाळला गेला.

छंदाचे तोटे नाहीत असं नाही. स्पर्धेचा महिना आणि ऑक्टोबर छाटणीनंतरचा डावणीचा काळ एकच येतो, त्यामुळे ताई एका हातात संहिता आणि दुसऱ्या हातात बागायतदारांचे फोन घेऊन वावरतात. एकदा गुंतवणूकदाराशी बोलताना त्यांच्या तोंडून नाटकातलं वाक्य निघालं, “मला तुमची दया नको!” गुंतवणूकदार प्रभावित झाला असं त्या सांगतात. पैसे मात्र आले नाहीत.

आणि ड्रोनवाल्याची कंपनी बंद पडली. कारण त्याच्या यंत्रात नव्हतं. फवारणी करून घेणारे सगळे ऊसवाले, आणि त्यांचं एकच उत्तर: “कारखान्याचं बिल निघालं की देतो.” कारखान्याचं बिल निघायच्या आधी बँकेचे हप्ते निघाले. ड्रोन विकावा लागला. ही बातमी अर्थातच त्याच्याआधी आयर्विन पुलावर पोचली. भडंगवाल्याने विचारलं, सलूनवाल्याने विचारलं. चार दिवस पोरगा घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी सात वाजता तो जिना चढून माडीवर आला. मंडळींनी बघितलं. अण्णांनी पेटीचा भाता सोडला नाही, ताईंनी वाक्य तोडलं नाही. सरांनी घड्याळाकडे बघून एवढंच म्हटलं, “दुसऱ्या प्रवेशात उजेड फार पिवळा पडतोय, बघ जरा.” गावाच्या लेखी तो त्या दिवशी बुडालेला ड्रोनवाला होता. माडीच्या लेखी तो लाइटवाला होता, आणि लाइटवाला बुडालेला नव्हता.

सध्या तो लग्नाच्या हॉलसाठी दिव्यांची व्यवस्था करून देतो, त्याच फोनच्या ॲपवर, आईचा कॉल मात्र आता आड येत नाही. धंदा मोठा आहे असं मी म्हणणार नाही. पण आगाऊ पैसे घेतो.

तेव्हा विटा, ईश्वरपूर, जत, पंढरपूर, चिपळूण, कुठल्याही गावात स्टार्टअपवाल्यांची मोट बांधायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: काचेच्या खोल्यांचं भाडं भरू नका. गावात पेटी कुणाकडे आहे, भजनी मंडळ कुठे बसतं, नाटकाची तालीम कोणत्या माडीवर चालते, गडावर जाणारी टोळी रविवारी कुठून निघते, ते आधी शोधा. तिथे जा, पहिलं वर्षभर नेपथ्याच्या लेव्हल उचला, चहाचे कप धुवा, धंद्याचं नाव काढू नका. गिऱ्हाईक मिळेल, भागीदार मिळेल, कदाचित एखादा राजाही मिळेल. यातलं काहीच नाही मिळालं तरी पहिला धंदा बुडाल्यावर संध्याकाळी सात वाजता जायला एक जागा असेल, आणि लहान गावात माणूस दुसरा धंदा काढतो तो त्या जागेच्या जोरावर.